लाल बटणाची उंची

४ जानेवारी, दुपार

टिल्लू,

चौदा वर्षांनी पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. 'प्रिय' लिहावं तर तू म्हणशील, आली मोठी. तुझं खरं नाव लिहावं तर ते माझ्या हाताच्या सवयीचं नाही. तेव्हा टिल्लू. तू आता अठ्ठावन्नचा आहेस, आमच्या दारातून आत यायला तुला वाकावं लागतं, तरी टिल्लूच.

पत्ता वखारवाल्याने दिला. म्हणाला, "तुमचा भाऊ अजून हातानेच रंधा मारतो. एकसुद्धा मशीन घेतलं नाही. गिऱ्हाईक सहा-सहा महिने थांबतं त्याच्यासाठी." मी म्हटलं, तो पहिल्यापासून तसाच. त्याला वाटलं, मी तुझं कौतुक करते आहे. करतच होते.

बाबा गेले तेव्हा तू चार तासांसाठी आला होतास. जाताना अंगणात मला एक प्रश्न विचारलास, मी उत्तर दिलं, आणि तू गेलास तो गेलासच. त्याबद्दल हे पत्र नाही. मला तुझी मदत हवी आहे.

माझी लेक तू पाहिलीस तेव्हा कॉलेजात होती. आता इस्पितळात नर्स आहे. नवरा बोटीवर, वर्षातले आठ महिने पाण्यात. त्यांची मुलगी सहा वर्षांची. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण घरातली प्रत्येक वस्तू ती उचलून दुसरीकडे नेते. परवा ह्यांचा चष्मा साखरेच्या डब्यात सापडला.

मागच्या वर्षी त्यांच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली. मुंगी बरोबर खाली, न्हाणीघरात होती. छप्पर शाबूत राहिलं, पोरीला साधं खरचटलंही नाही. फक्त आवाज झाला. पण तो आवाज तिच्या कानातून अजून बाहेर पडलेला नाही. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली. स्कूटर गेली की कानावर हात. शाळेची घंटा झाली की बाकाखाली, आणि तिथेच चड्डी ओली. बाकीची मुलं हसतात. लेकीच्या ड्यूट्या अशा, की पोरीला आमच्याकडे आणून ठेवण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. आणि आमच्याकडे काय, तर भिंतीपलीकडे गिरणी!

हो, गिरणी चालू आहे. बाबांच्या मागे मीच चालवते. सध्या मुंगी शाळेत असते तेवढ्या वेळात दळून घेते. गिऱ्हाइकं कुरकुरतात. ह्यांना बस चालवून चालवून कमी ऐकू येतं, म्हणून ह्यांची काही तक्रार नसते. पण कमी ऐकू येतं म्हणून हे ओरडून बोलतात, आणि मुंगी पळते. आजोबांना वाईट वाटतं. परवापासून हे तिच्याशी इतकं हळू बोलायला लागलेत, की काय बोलले ते ह्यांचं ह्यांनाही कळत नाही.

पोरगी कानावर हात ठेवून भिंतीशी उभी राहिली की मला तूच दिसतोस. बाबा दुपारी जेवायला यायचे ते पांढरेधोप. भुवया, पापण्या, मानेवरची लव, सगळीकडे पीठ. तू त्यांच्या मानेवर बोटाने चेहरा काढायचास आणि ते तो न पुसता तसेच गिऱ्हाइकांसमोर जायचे. गिरणी बंद असली की तू गिरणीचा राजा. पोत्यांच्या थप्पीवर चढायचास, ताज्या, गरम पिठात कोपरापर्यंत हात घालायचास. आणि बाबांनी मोटर लावली रे लावली की राजा पसार.

बाबांनी तुला कोंडलं, तसं काही ह्या पोरीच्या वाट्याला येऊ नये एवढंच मला वाटतं. म्हणून विचारते. त्या वयात तुला काय हवं होतं? कोणी काय केलं असतं तर बरं झालं असतं?

उत्तर नाही दिलंस तरी समजेन. पण दे.

ताई


१९ जानेवारी

टिल्लू,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी: "गिरणी बंद करायचं बटण जमिनीपासून किती उंच आहे? मुलीची उंची किती? मुलगी उजवी की डावखुरी?" खाली सही नाही, वर नाव नाही.

मी ते कार्ड उलटसुलट करून चार वेळा वाचलं. ह्यांना दाखवलं. हे म्हणाले, "हा काय पोरीला कपडे शिवणार आहे?" मी म्हटलं, कपडे शिवायला बटणाची उंची कशाला लागेल? तर म्हणे, "कपड्यांना बटणं नसतात होय?" ह्यांच्याशी मी काय बोलायचं, तूच सांग.

पण मोजलं. लाल बटण जमिनीपासून चार फूट नऊ इंच. मुंगी तीन फूट सात इंच, आणि तेही टाचा उचलून; मला कळलं होतं, मी मुद्दाम काही बोलले नाही. उजवी आहे.

मापं घेताना तिने विचारलं, "हे कोणाला पाठवायचंय?"

"तुझ्या मामाआजोबांना."

"ते कोण?"

बघ, ह्या घरात तुझं नावच निघत नाही, तिला कुठून माहीत असणार? मी म्हटलं, "माझा धाकटा भाऊ. तोही गिरणीला घाबरायचा."

"मोठा असून?"

"तेव्हा तुझ्याएवढाच होता."

"आता नाही घाबरत?"

मी म्हटलं, विचारून सांगते. म्हणून विचारते आहे. आता नाही ना घाबरत?

गेल्या मंगळवारी घरात फार वाईट प्रसंग झाला. शाळेतून चिठ्ठी आली, की मुलीच्या रडण्याने वर्गाचा खोळंबा होतो, काहीतरी इलाज करा. लेक सलग दोन ड्यूट्या करून आली होती. तिने चिठ्ठी वाचली, मुंगीचं मनगट धरलं आणि तरातरा गिरणीच्या दाराशी घेऊन गेली. "आज आत उभी राहा. दहाच मिनिटं. रड, ओरड, काय करायचं ते कर. काही होत नाही हे एकदा कळलं की सुटशील." शाळेने तिला लवकर घरी धाडलं होतं, त्यामुळे आत दळण अजून चालू होतं. मुंगी ओरडतसुद्धा नव्हती, नुसती पाय घासत होती.

मी हातातलं सूप टाकलं आणि दारात आडवी उभी राहिले.

"आई, बाजूला हो."

"ह्या दारातून रडतं पोर आत जाणार नाही."

"मग मी करू काय?" असं म्हणून लेक तिथेच पायरीवर बसली आणि हुंदके द्यायला लागली. दिवसभर दुसऱ्यांच्या वेदना सांभाळणारी बाई, घरी येऊन अशी. मुंगीने एक हात कानावर तसाच ठेवला आणि दुसऱ्या हाताने आईच्या डोक्यावर थोपटायला लागली. "तू नको घाबरू. मी आहे."

नंतर लेकीने विचारलं, "एवढी का भडकलीस? मी कधी तुझा असा आवाज ऐकला नव्हता." मी म्हटलं, डोळ्यात पीठ गेलं होतं. तिला ते पटलं नाही. तुलाही पटणार नाही.

ताई


२४ फेब्रुवारी

टिल्लू,

तुझं खोकं मालट्रकवाल्याने पहिल्या तारखेला आणून टाकलं. ह्यांनी पकडीने खिळे काढले आणि आतून पेंढ्यात गुंडाळलेल्या तीन पायऱ्या निघाल्या. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला, की तू मापं कशाला मागवलीस!

मी सुतारकामातलं काही जाणत नाही, पण त्या लाकडावरून हात फिरवून पाहिला. कुठे खिळा नाही, कुठे कंगोरा नाही. डाव्या बाजूला धरायला कठडा, म्हणजे उजवा हात बटणाला मोकळा. मुंगी वर चढली, तर लाल बटण बरोबर तिच्या नाकासमोर. गिरणी बंद होती तेव्हा अर्थात. चालू असताना ती त्या खोलीच्या दाराकडे पाहायलाही तयार नव्हती.

तुझी चिठ्ठी मी भिंतीला चिकटवली आहे, सगळ्यांना दिसेल अशी. "सुरू तुम्ही करा, बंद ती करणार. ती म्हणेल तेव्हा, लगेच, कारण न विचारता. अर्ध्या दळणावर बंद झाली तरी कोणी हूं की चूं करायचं नाही. सुरुवात लांबून करा. शाबासकी देऊ नका, ती पुढच्या वेळेची जबरदस्ती असते." शेवटचं वाक्य आम्हाला फार जड गेलं. ह्यांना तर ऊठसूट शाबास म्हणायची सवय. आता हे तोंडावर हात ठेवून उभे राहतात.

लांबून म्हणजे किती, ते मुंगीने ठरवलं. रस्त्याच्या पलीकडे, सायकलच्या दुकानाशी. तिथे ती आजोबांचं बोट धरून उभी राहायची. मी आत, बटणावर हात ठेवून. तिने हात वर केला की मी गिरणी बंद करायची. पहिल्या दिवशी मोटरने नुसता हुंकार दिला आणि हात वर. तीन आकडेही मोजून झाले नव्हते. मी बंद केली. पुन्हा लावली, पुन्हा हात. त्या दिवशी अकरा वेळा. ज्या मास्तरीणबाईंचं दळण होतं त्यांनी घड्याळ पाहिलं, मी चिठ्ठीकडे बोट दाखवलं. त्यांनी वाचली आणि पोत्यावर बसून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच बाई नसलेलं दळण घेऊन आल्या, नुसतं बघायला.

चौथ्या दिवशी ती रस्ता ओलांडून आली. मग ओट्यापर्यंत. मग एकदम परत सायकलच्या दुकानाशी, कारण आदल्या दिवशी कोणाच्या तरी गाडीचा टायर फुटला होता. कोणी काही बोललं नाही. आजोबा बोट देऊन पुन्हा तिकडे जाऊन उभे राहिले. चाळीस वर्षं बस चालवली त्यांनी. थांबा आला की थांबायचं, एवढं त्यांना पक्कं कळतं.

आणि काल ती आत आली. लेक घरी होती, तिच्या कमरेला एका हाताने विळखा घालून. गिरणी चालू. पट्टा सपासप चाललेला, हवेत पीठ. मुंगी तुझ्या पायऱ्यांशी थांबली. एक चढली. दोन. लेकीच्या कमरेवरचा हात सुटला. तिसरी. चेहरा असा, की मी पाहू शकले नाही. आणि तिने बटण दाबलं.

तुला आठवतं ना, गिरणी बंद होताना कशी होते? आधी मोटर गप्प, मग दगड घरघरत हळू होत जातात, आणि शेवटी पट्टा फट्, फट्... फट्. आणि शांत.

"मेली?" मुंगीने विचारलं.

"नाही. झोपली."

तिने थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं. म्हणाली, "मी झोपवली."

आम्ही तिघांनीही शाबास म्हटलं नाही. हे पाठ करून कोपऱ्यात गेले आणि नाक शिंकरायला लागले. मला वाटलं, बाबांना हे दिसायला हवं होतं. मग वाटलं, तुला दिसायला हवं होतं.

ताई


२ मार्च

मामाआजोबा,

मी सांगते आहे आणि आजी लिहिते आहे. आजी मध्येमध्ये स्वतःचं घालते, म्हणून मी लक्ष ठेवून आहे.

तुमच्या पायऱ्या छान आहेत. मी रोज गिरणी झोपवते. मला आता तीन आवाज ओळखता येतात. पट्ट्याचा आवाज म्हणजे एक माणूस चपला घालून पळतो. दगडांचा आवाज म्हणजे आजोबांचं घोरणं. मोटरचा आवाज मला अजून आवडत नाही, पण तो पहिला थोडाच वेळ मोठा असतो.

कुकरच्या शिट्टीला मी आता पलंगाखाली जात नाही. पलंगावर जाते.

तुम्हाला कुठला आवाज आवडत नाही? आजी म्हणाली की तुम्हाला हे विचारायचं राहिलं. खरं सांगा, मी हसणार नाही. तुम्ही इकडे या. घाई नाही.

मुंगी


१६ मार्च

टिल्लू,

मुंगीला आलेलं तुझं उत्तर मीच वाचून दाखवलं. "मला दाराच्या कडीचा आवाज आवडत नाही. माझ्या घरात एकाही दाराला कडी नाही." मुंगी म्हणाली, "मग चोर?" ह्यांनी तिला बाहेर नेलं.

आता मला लिहिलंच पाहिजे. बाबा गेले तेव्हाही जे सांगितलं नाही, ते.

त्या दिवशी अंगणात तू विचारलं होतंस, "कडी बाबांनीच लावली होती ना?" आणि मी म्हटलं होतं, "हो." टिल्लू, कडी मी लावली होती.

मी अकरा वर्षांची होते. शाळेत मला 'भित्र्याची बहीण' म्हणायचे, हे तुला कधी सांगितलं नाही. बाबांनी त्या दुपारी तुला खांद्यावर बसवून चालू गिरणीत नेलं, ते तुला जवळून दाखवायला, कोंडायला नाही. तेवढ्यात बाहेर गाडी आली. त्यांनी तुला पोत्यांवर बसवलं, "आलोच" म्हणाले आणि पोती उतरवायला गेले. मी दाराशी होते. तू माझ्याकडे पाहून हात पुढे केलास. मी दार ओढलं आणि कडी घातली. शंभरपर्यंत मोजून उघडणार होते. खरंच. साठपर्यंत मोजलेही. मग रस्त्यावर आरडाओरडा झाला, गाडीवरची दोन पोती फुटून गहू सगळीकडे पसरला होता, आणि मी पाहायला पळाले. तिकडे सगळ्यांबरोबर गहू गोळा करत बसले. मी तुला विसरले, टिल्लू. ह्यापेक्षा वाईट काही मला लिहिता येत नाही.

बाबांनी दार उघडलं तेव्हा अर्धा तास झाला होता. तू पोत्यांच्या मागे होतास, पिठाने पांढरा, गालांवर दोन ओल्या रेघा. नऊ दिवस तू एक शब्द बोलला नाहीस.

आईने विचारलं, "कडी कोणी लावली?" मी तिच्या मागे उभी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं, हे मला दिसलं. आणि ते म्हणाले, "मी लावली. म्हटलं, सवय होईल." आई त्यांच्याशी महिनाभर बोलली नाही. तू तर कधीच नीट बोलला नाहीस. सोळाव्या वर्षी सुतारकाम शिकायला म्हणून जो गेलास तो त्यांच्यासाठी घरी असा आलाच नाहीस.

आणखी एक तुला माहीत नाही. त्या दिवसानंतर तू घरात असताना बाबांनी गिरणी कधी लावली नाही. तुला वाटायचं, गिऱ्हाइकं कमी झाली. कमी झाली नव्हती. तू शाळेत गेलास की ते दळत, तू यायच्या आधी बंद करत. सुट्टीत पहाटे उठून तुला मावशीकडे धाडत आणि दिवसभर दळत. दहा वर्षं असं चाललं. मुंगीसाठी मी जे करते ते माझ्या डोक्यातून आलेलं नाही.

शेवटच्या आजारात मी एकदा धीर केला. म्हटलं, "बाबा, ती कडी..." त्यांनी पुढे बोलू दिलं नाही. म्हणाले, "त्या वेळी घाबरलेली पोरं दोन होती. एकाला मी बाहेर काढलं. दुसऱ्याला आत ढकलायचं होतं का?"

आणि तरीही त्यानंतर तीनच आठवड्यांनी अंगणात मी 'हो' म्हटलं. ते उत्तर द्यायला नव्हते, आणि माझी हिंमत नव्हती.

लेकीला आणि ह्यांना मी काल सगळं सांगितलं. लेक म्हणाली, "म्हणून तू दारात आडवी उभी राहिलीस." ह्यांनी उठून माझ्यासाठी चहा टाकला; मला वाटतं, ऐकू आलं होतं.

मी क्षमा मागत नाही. मागितली की तुला द्यावी की न द्यावी ह्याचं ओझं होईल.

ताई


३० एप्रिल

टिल्लू,

सहा आठवडे झाले. तुझं काही आलं नाही. येऊ नये असं काही मी केलेलं नाही, असं थोडंच आहे? पण मुंगी रोज विचारते, म्हणून तिच्यापुरतं लिहिते.

शाळेच्या घंटेने मध्ये पुन्हा घात केला होता. घरची गिरणी तिच्या हातात, पण घंटा शाळेच्या हातात. दोन दिवस शाळेत गेलीच नाही. मग तिनेच तोड काढली. हट्ट धरून आजोबांना शाळेत नेलं आणि घंटा वाजवणाऱ्या शिपाईकाकांना विचारलं, "वाजवायच्या आधी मला सांगाल का?" आता तो भला माणूस दर तासाला तिच्या वर्गाच्या खिडकीसमोर येतो, एक बोट वर करतो, आणि मग घंटेकडे जातो. मुंगी कानावर हात ठेवते, घंटा होते, हात काढते. बाकाखाली जात नाही. वर्गातल्या आणखी दोन मुली आता कानावर हात ठेवतात. त्यांना वाटतं, घंटा झाली की असंच करायचं असतं.

पायऱ्यांच्या कठड्याला तिच्या हाताचा रंग चढायला लागला आहे.

ताई


११ जून

टिल्लू,

तू गेलास त्याला चार दिवस झाले. समोरासमोर मला फारसं बोलता आलं नाही, आणि तुलाही. काही गोष्टी तुला दिसल्या नसतील, त्या लिहिते.

तू न कळवता आलास. सायकलच्या दुकानाशी पिशवी घेऊन उभा होतास. मी आत दळत होते, मला काय माहीत! मुंगी ओट्यावर बसली होती. तुमचं काय बोलणं झालं ते तिने मला नंतर शब्दन्शब्द करून दाखवलं, दोन्ही आवाजांत.

"तुम्ही मामाआजोबा का?"

"हो. कशावरून ओळखलंस?"

"तुम्ही इकडे येत नाही आहात त्यावरून."

मग तू म्हणालास, "मला नाही जमणार आत यायला." आणि ती म्हणाली, "जमतं. पण एकदम नाही. मी पण इथूनच सुरू केलं होतं. तुम्ही हात वर केला की गिरणी बंद होते. मी सांगून येते, तुम्ही इथेच थांबा."

ती धावत आत आली. मला म्हणाली, "आजी, ते आलेत. त्यांच्या तोंडाकडे बघू नकोस, ते लाजतात. नुसतं हातावर लक्ष ठेव."

मी हातावर लक्ष ठेवलं. तुझ्या केसांना पांढरं किती आलंय ते पाहिलं नाही, की तू बारीक झालास का तेही नाही. रस्त्यापलीकडे एका सहा वर्षांच्या पोरीचं बोट धरून एक अठ्ठावन्न वर्षांचा माणूस उभा होता, आणि मी लाल बटणावर हात ठेवून त्याचा दुसरा हात पाहत होते. तू हात वर केलास, मी बंद केली. मुंगीने मान हलवली, मी पुन्हा लावली. तू हात वर केलास, मी बंद केली. एकदा रिक्षा मध्ये आली आणि मला दिसेना. मी त्या क्षणीही बंद केली. न जाणो.

सतरा वेळा, टिल्लू. मी मोजलं. त्या दिवशी शंभरपर्यंत मोजायचं राहिलं होतं, म्हणून असेल.

संध्याकाळी तू ओट्यापर्यंत आलास. खांबाला धरून उभा राहिलास, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. परतीची बस सहाची होती. तू घड्याळ पाहिलंस. मुंगी म्हणाली, "आज एवढंच. उरलेलं उद्या." आणि तू, ज्याला आमच्यापैकी कोणी कधी थांबवू शकलं नाही, तो तू पिशवी खाली ठेवलीस. हे आतून आपल्या मते हळूच म्हणाले, "राहतोय वाटतं." इतकं हळू, की ते तुलाही ऐकू गेलं आणि तू हसलास. मी तुझं हसणं पाहून स्वयंपाकघरात गेले आणि कारण नसताना सगळी भांडी विसळली.

सकाळी तू आत गेलास. गिरणी चालू असताना. मुंगी पायऱ्यांवर, लेक दाराशी. मी ओट्यावरच थांबले. मला आत यायचा हक्क नाही असं वाटलं म्हणून नव्हे; तू म्हणाला होतास, "तू आत येऊ नकोस," म्हणून. बराच वेळ गिरणी चालू राहिली. बाहेर आलास तेव्हा तुझ्या भुवयांवर पीठ होतं. थेट बाबा. मी बोलून दाखवलं नाही. आता लिहिते.

मग तू जे म्हणालास ते माझ्या डोक्यातून जात नाही. "बावन्न वर्षं मी ज्याच्यावर रागावलो तो माणूस आता नाही. त्याच्याशी आता काय बोलू?" आणि तूच पुढे म्हणालास, "मग त्यांच्याबद्दल बोल." आणि आपण जेवायची वेळ टळून जाईपर्यंत बाबांबद्दल बोलत बसलो. ते जात्याच्या दगडांना छिन्नीने टाकी लावायचे तेव्हा जीभ बाहेर काढायचे, ते तुला आठवत होतं. मी विसरले होते. ते मला तू दिलंस.

निघताना म्हणालास, "तुझ्यावरचा राग गेला असं मी म्हणणार नाही." मी म्हटलं, नको म्हणूस. खरंच नको म्हणूस. तो आहे तोवर असू दे. मुंगीला कोणी 'आता तरी घाबरणं सोड' असं म्हणालं नाही, मग तुला मी घाई कशी करू?

तू गेल्यावर मुंगीने विचारलं, "ते परत कधी येणार?" मी म्हटलं, त्यांनी काही सांगितलं नाही. ती म्हणाली, "मग आपण जाऊ या. त्यांच्याकडे रंध्याचा आवाज असतो, मला तो ऐकायचाय." हे लगेच गाड्यांच्या वेळा काढायला बसले. लेकीला रजा नाही. ती म्हणते, मामाला विचारल्याशिवाय निघायचं नाही.

म्हणून विचारते. पुढच्या महिन्यात, दुसऱ्या आठवड्यात, आलो तर चालेल का? तिघं असू. मुंगी कुठेही झोपते. ह्यांना दोन उशा लागतात. मला काही लागत नाही.

ताई